शेळीचे दूध आणि शेळीचा कोठा

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे जे दोन स्वाभाविक विभाग पाडले आहेत, त्यांना येथील लोक घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख अशा सुटसुटीत नावांनी ओळखतात. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे पठारी तालुके, आणि बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि दाहक उन्हाळ्याचा प्रदेश. आणि त्याही पलीकडे जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा. जमीन, पाऊस आणि पीक या बाबतींत या विभागांत पुष्कळ अंतर असले, तरी शेळी मात्र सगळीकडे सारखीच आढळते. ज्या कुटुंबाच्या नावे सातबाऱ्यावर गुंठाभरही जमीन नाही, त्याच्या अंगणातही एखाद-दुसरी शेळी खुंट्याला बांधलेली असते, आणि पहाटे निंदणाला जाण्यापूर्वी घरातली बाई तिची धार काढून चहापुरते दूध चुलीवर ठेवते.

वऱ्हाडातील ही शेळी बहुधा गावराणी. तिच्या तांबूस रंगावरून काही ठिकाणी तिला लाखी असेही म्हणतात, आणि ‘बेरारी’ या नावाने करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून रीतसर नोंद केलेली आहे. ती पाळली जाते ती मुख्यतः करडांसाठी आणि बाजारात बोकडाला येणाऱ्या रोख किमतीसाठी. दूध हे दुय्यम उत्पन्न, अर्धा-एक लिटरचे, आणि तेही करडांचा वाटा काढून उरलेले. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. परंतु देशाच्या एकूण दुधात शेळीच्या दुधाचा वाटा शेकडा तीनच्या आसपासच राहिला आहे. प्रमाण अल्प म्हणून दुर्लक्ष करावे, असा हा जिन्नस नव्हे. ज्या घरात गाय-म्हैस पोसण्याची ऐपत नाही, तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि वाढत्या मुलांच्या पोटात जाणारे दूध हेच असते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामात ज्यांचे वास्तव्य होते, त्या गांधीजींनी 1919 च्या सुमारास मोठ्या दुखण्यातून उठताना शेळीचे दूध स्वीकारले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही, ही हकिगत सर्वश्रुतच आहे.

असे असूनही शेळीच्या दुधाचे नाव काढताच पुष्कळ सुशिक्षित घरांत नाक मुरडले जाते. त्याला वास येतो, ही तक्रार. वासाची ही तक्रार खोटी नाही. पण तिचा दोष शेळीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. स्वच्छ हातांनी, स्वच्छ जागी काढलेले, निरोगी आणि नीट पोसलेल्या शेळीचे ताजे दूध चवीला सौम्य आणि जवळजवळ निर्गंध असते. ते बिघडते ते कोठ्यातील निष्काळजीपणाने, आणि कोठ्यात जे बिघडले ते स्वयंपाकघरात वेलदोडा घालून सुधारत नाही.

हा वास येतो कसा, ते आधी समजून घेणे इष्ट. दुधातील स्निग्धांश हा अनेक मेदाम्लांचा बनलेला असतो. त्यांपैकी कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या नावांची तीन लघु आणि मध्यम लांबीची अम्ले शेळीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रमाणात असतात. जोपर्यंत ती स्निग्धकणाच्या आवरणाआड ग्लिसरॉलशी बांधलेली आहेत तोपर्यंत त्यांचा गंध जाणवत नाही. परंतु दूध जोराने घुसळले गेले, उंचावरून ओतले गेले, त्याला फेस आला, किंवा ते कधी थंड तर कधी गरम होत राहिले, की कणांचे आवरण फाटते, दुधातच असणारे लायपेज नावाचे विकर त्या स्निग्धांशावर तुटून पडते, आणि ही अम्ले मोकळी होऊन उग्र, ‘बोकडी’ वास सुटतो. डब्यात अर्धवट भरलेले दूध मोटारसायकलला लटकावून खाचखळग्यांच्या पांदणरस्त्याने तासभर हिंदकळत नेले, तर ते गावात निघाले त्या गुणाचे शहरात पोचत नाही, याचे कारण हेच. म्हणून डबा काठोकाठ भरावा, दूध गाळताना उंचावरून धार सोडू नये, आणि सकाळच्या थंड दुधात संध्याकाळचे ऊन दूध मिसळू नये. या तिन्ही गोष्टींना एक पैसाही खर्च येत नाही.

वासाचे दुसरे उगमस्थान म्हणजे बोकड. माजाच्या दिवसांत बोकडाच्या शिंगांमागील ग्रंथींतून स्रवणारा उग्र गंध आणि स्वतःच्याच दाढीवर व पुढच्या पायांवर मूत्र उडविण्याची त्याची सवय यांमुळे तो ज्या कोठ्यात असेल त्या कोठ्याचा अणुरेणू त्या वासाने भरून जातो. दुधातील स्निग्धांश असे गंध चटकन शोषून घेतो. आणि ज्या हाताने बोकडाला बांधले त्याच हाताने धार काढली, तर त्याचा परिणाम सांगावयास नकोच. चार शेळ्यांच्या कळपाला बोकड गावातून आणून काम भागत असेल, तर तो घरी ठेवण्याचे प्रयोजन नाही; आणि ठेवावाच लागला, तर धारेच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला त्याची वेगळी तजवीज असावी.

आता धारेकडे वळू. आपल्याकडे हा विषय इतका परिचित समजला जातो की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः दुधाचा अर्धा गुणावगुण या पाच मिनिटांत ठरतो. करडे रात्री वेगळी कोंडून, पहाटे ठरल्या वेळी, ठरल्या जागी शेळी उभी करावी. जागा उंचवट्याची, झाडून स्वच्छ केलेली असावी, परंतु झाडण्याचे काम धारेच्या अर्धा तास आधी उरकलेले असावे, कारण लेंड्यांची उडालेली धूळ खाली बसण्यास तेवढा वेळ लागतो. कासेभोवतीचे लांब केस कातरलेले असावेत. कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी थेट भांड्यात उतरते आणि जंतूंचा लोंढाच बरोबर आणते. पुष्कळ ठिकाणी हात दुधात बुडवून ओले करून धार काढण्याची वहिवाट आहे. ती सोडून द्यावी. अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने सड दाबण्याची दुसरी एक रीत आहे, तिने सडाच्या आतल्या नाजूक त्वचेला इजा होते आणि कासेच्या विकारांना वाट मिळते. पूर्ण मुठीने, वरून खाली क्रमाने दाब देत काढलेली धार जनावराला सुखाची आणि दुधाला हिताची असते.

प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या, काळ्या कापडावर किंवा गडद रंगाच्या वाटीत काढून पाहण्याचा परिपाठ मला सर्वांत मोलाचा वाटतो. सडाच्या तोंडाशी रात्रभर साठलेले जंतू त्या धारांबरोबर निघून जातात, आणि दुधात गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा असेल तर ती काळ्यावर तत्काळ दिसते. शेवटच्या धारा मात्र कधीही कासेत ठेवू नयेत. सर्वांत जास्त स्निग्धांश त्यांत असतो, आणि मागे राहिलेले दूध हे कासदाहाला आमंत्रण असते.

कासदाह, ज्याला गावात दगडी किंवा काससुजी म्हणतात, त्याचे उघड स्वरूप कोणीही ओळखील: कास लाल, गरम आणि घट्ट होते, शेळी हात लावू देत नाही. खरी हानी करतो तो छुपा कासदाह. त्यात कास वरून निर्दोष दिसते, पण दुधातील शर्करा घटते, क्षार वाढतात, दूध खारट लागते, आणि तापवताना कधी कधी नासते. घरात मात्र ‘दूध फुटले’ म्हणून भांड्याला बोल लावला जातो. पशुवैद्यक जी कासदाह-चाचणी करतात, तिच्या बाबतीत एक तारतम्य शेळीसाठी राखावे लागते. शेळीच्या दूधग्रंथींचा स्राव गाईच्या ग्रंथींहून निराळ्या प्रकारे होत असल्यामुळे तिच्या निरोगी दुधातही पेशींचे तुकडे स्वभावतःच पुष्कळ असतात. म्हणून गाईचे मोजमाप तिला जसेच्या तसे लावून निरोगी शेळी रोगी ठरवू नये. दोन्ही सडांच्या निकालात ठळक फरक दिसला, तर तो खरा इशारा.

उपचारासाठी प्रतिजैविकाची सुई दिली, की त्या औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये याची मुदत छापलेली असते, आणि ती मुदत संपेपर्यंत ते दूध माणसाने पिऊ नये, विकू तर नयेच. अशा दुधाचे दही लागत नाही, कारण विरजणातले जंतूच त्या औषधाने मरतात. तेच औषध रोज अल्प मात्रेत माणसाच्या पोटात गेल्यास रोगजंतूंना त्याची सवय होत जाते, हा त्यातला अधिक गंभीर धोका. जंतनाशकांनाही हाच नियम लागू आहे.

चाऱ्याच्या प्रकरणी बुलढाणा जिल्ह्याची स्वतःची अशी परिस्थिती आहे, आणि तिचा विचार थोड्या विस्ताराने केल्याशिवाय गत्यंतर नाही. शेळी ही स्वभावतः झाडपाला ओरपणारी. बाभूळ, बोर, हिवर, सुबाभूळ, अंजन यांचा पाला आणि बाभळीच्या शेंगा हा तिचा आवडीचा आहार. अशा तंतुमय चाऱ्यापासून तिच्या पोटात जी आम्ले बनतात, त्यांतूनच दुधातील स्निग्धांश घडतो. उलट दाणा फार आणि चारा थोडा अशी स्थिती झाली, की पोटातील आम्लता वाढून दूध पातळ होते. म्हणून जास्त दुधाच्या आशेने एकदम मका-ज्वारी ओतणे हे दुधाच्या आणि शेळीच्या दोघांच्याही मुळावर येते. चराईचे रान आटत चालले असल्यामुळे आज शेळीचा भार मुख्यतः कुटारावर आहे: सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार, आणि जोडीला सरकीची ढेप. या वस्तू चांगल्याच आहेत. फक्त त्या कोरड्या असल्या पाहिजेत.

सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस हे दोन्ही आश्विनाच्या सुमारास एकाच वेळी येतात. गंजी भिजते, कुटार आतून तापते, त्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते, आणि ‘जनावर खाईल’ म्हणून तेच कुटार कोठ्यात येते. ओलीत ठेवलेल्या ढेपेची आणि भुईमुगाच्या पेंडीची गतही तीच. या बुरशीपैकी ॲस्परजिलस नावाची एक जात अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. 1960 मध्ये इंग्लंडात ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर पोसलेले एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मृत्युमुखी पडले, तेव्हा या विषाचा शोध लागला. शेळी ते विष खाते. तिच्या यकृतात त्याचे रूपांतर होते. आणि त्या रूपात ते एका दिवसाच्या आत दुधात येऊ लागते. मात्रा अत्यल्प असते, पण ते यकृताला घातक आणि कर्करोगकारक आहे, आणि मुख्य म्हणजे दूध कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. सुदैव एवढेच की असा चारा बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध त्यापासून मुक्त होऊ लागते. तेव्हा गंजी उंच ओट्यावर रचणे, तिच्यावर ताडपत्री घालणे, ढेपेचे पोते भिंतीपासून दूर लाकडी फळीवर ठेवणे आणि बुरशी दिसलेला चारा हृदय कठोर करून उकिरड्यावर टाकणे, ही कामे प्रत्येक शेळीपालकाने औषधपाण्याइतकीच आवश्यक मानावीत.

कापसाच्या मुलखात आणखी एक खबरदारी हवी. शेवटची वेचणी आटोपली, की पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या सोडण्याची जुनी रूढी आहे, आणि ती शेतकऱ्याला व पशुपालकाला दोघांनाही सोयीची आहे. परंतु पिकावर फवारणी शेवटची केव्हा झाली, आणि कशाची, हे मालकाला विचारल्याशिवाय कळप आत घालू नये; अनेक कीटकनाशके शरीराच्या मेदात साठतात आणि मेदातून दुधात उतरतात. घाटावरच्या तालुक्यांत कांद्याचे बीजोत्पादन होते. तेथील पात शेळीला द्यावयाची झाल्यास धारेनंतर द्यावी, कारण कांदा-लसणाचा गंध खाल्ल्यापासून अर्ध्या तासात दुधात पोचतो आणि पुढील काही तास टिकतो. निंबाच्या कडवट पाल्यालाही हेच वेळापत्रक लावणे बरे.

पाण्याचे एकच सांगतो. घाटाखाली वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. त्या काळात सावली नसलेली, तहानलेली शेळी चरणे सोडते, धापा टाकते, आणि तिचे दूध प्रमाणाने व सत्त्वानेही घटते. दुपारी शेळीला निंबाची किंवा छपराची सावली आणि स्वच्छ पाण्याची दोण मिळालीच पाहिजे.

याहून गंभीर असा विषय रोगाचा आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटावर ब्रिटिश शिपायांना महिनोन्‌महिने चढ-उतार करणारा, सांधे मोडून टाकणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस याने 1887 मध्ये त्याचा जंतू शोधून काढला, तरी तो येतो कोठून हे कोडे अठरा वर्षे सुटले नाही. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झमिट या माल्टी वैद्याने, दिसण्यात पूर्ण निरोगी असलेल्या तेथील शेळ्यांच्या रक्तात त्या रोगाच्या खुणा दाखविल्या, आणि मग त्यांच्या दुधातही तो जंतू सापडला. पुढच्याच वर्षी लष्करात शेळीचे कच्चे दूध बंद करण्याचा हुकूम निघाला, आणि शिपायांतील ताप झपाट्याने ओसरला. हाच ब्रुसेला रोग आपल्या देशातही आहे. गाभण शेळी शेवटच्या महिन्यांत गाभडली, तर ते दैवावर सोडून देऊ नये. तिचे रक्त तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासून घ्यावे, पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने न उचलता चुना टाकून खोल पुरावी, आणि ती शेळी इतरांपासून वेगळी करावी. बाजारात नेऊन ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे म्हणजे रोगाला दुसऱ्या गावाची वाट दाखविणे होय.

आपल्या समाजात धारोष्ण दुधाची फार थोरवी आहे. त्यामागील श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. परंतु माल्टाची हकिगत समजल्यावर कच्चे दूध, विशेषतः मुलांना, देण्याचा सल्ला कोणीही जबाबदार इसम देणार नाही. दुधाला एक उकळी येऊ दिली, की हा जंतू मरतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. आईचे दूध कमी पडले म्हणून त्याच्या जागी शेळीचे दूध देण्याची चाल खेड्यांत आहे. पण या दुधात रक्तवृद्धीला लागणारे फोलेट हे जीवनसत्त्व फारच थोडे असते, आणि केवळ त्याच्यावर वाढविलेल्या बालकांना एक विशिष्ट प्रकारचा पांडुरोग होतो. अशा प्रसंगी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. डेंग्यूच्या साथीत शेळीचे दूध दुप्पट-चौपट भावाने विकले जाते; त्याने रक्तातील बिंबिका वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि साथीच्या घबराटीत कच्चे दूध पाजणे तर सर्वस्वी गैर.

धार काढल्यावर दूध जितक्या लवकर थंड होईल तितके ते टिकते, कारण उबदार दुधात जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. शीतपेटी नसली तरी स्टीलचा डबा विहिरीच्या गार पाण्यात किंवा ओल्या पोत्याने गुंडाळलेल्या माठात ठेवता येतो. भांडे स्टीलचे असावे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेत स्निग्धांश खवट होतो, आणि उन्हात उघडे ठेवल्याने चव जाते.

या साऱ्या दक्षतेचा भार उचलते ती बहुतांशी घरातील बाई, आणि तिला मिळणारा मोबदला मात्र निगा ठेवणारी आणि न ठेवणारी यांच्यात काहीच फरक करीत नाही. तिचे दूध गाईच्या दुधात मिसळून सरसकट एका भावाने खपते, तोवर फडक्याने कास पुसण्याचे आणि बुरशीचे कुटार टाकून देण्याचे श्रम तिने कशासाठी घ्यावेत, या प्रश्नाला उत्तर देणे दूध घेणाऱ्यांच्या हाती आहे. बुलढाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे. तेथील ज्ञान कोठ्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्था जितकी वाढेल तितकी थोडीच. पण ग्राहकानेही शेळीचे दूध वेगळे मागावे, ते वेगळ्या डब्यात घ्यावे, शेळी आजारी आहे का आणि औषध चालू आहे का हे विचारावे, आणि जिच्या उत्तराची व हातांची खात्री पटेल त्या बाईला लिटरमागे चार पैसे जास्त मोजावेत.